नारळ उभा राहिला म्हणून पाणी असते का? सर्वमान्य समजुती स्वतः तपासून पाहण्याची रीत

एप्रिल उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागतात. गाडी बोलावण्याआधी अनेक शेतकरी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून किंवा दोन फाट्यांची ओली काडी दोन्ही हातांत धरून रानातून चालतो. एका ठिकाणी नारळ उभा राहतो किंवा काडी खाली झुकते, तिथे चुन्याची फुली मारली जाते आणि त्या फुलीवर घरातली वर्षभराची शिल्लक, कधी कधी उसनवारीसुद्धा, खर्ची पडते. पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागते, असे गावातल्या कोणालाही विचारले तरी सांगितले जाते. हे सांगणारी माणसे अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, अभियंते असतात आणि आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेले सोसायटीचे सचिवही असतात.

सर्वांना मान्य असलेली गोष्ट स्वतः तपासून पाहायला शिकायचे असेल, तर सुरुवातीला याच समजुतीवर हात बसवावा, असे मी नवख्यांना सुचवतो. तिचा निकाल काही तासांत आणि फुटांच्या मापात मिळतो, चूक झाली तर खिसा स्वतःचाच रिकामा होतो, आणि कोणाच्या दैवताला धक्का न लावता हा तपास करता येतो. पुढे दिलेल्या पायऱ्या पाण्यापुरत्या नाहीत, परंतु त्या पाण्यावर शिकणे सोपे जाते.

पहिली पायरी: समजूत खोटी ठरू शकेल अशा शब्दांत लिहून काढा

एक साधी वही घ्या आणि तपासायची समजूत तिच्यात एका वाक्यात लिहा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग तासन्‌तास वाद घालतात. ‘नारळात शक्ती असते’ हे वाक्य तपासता येत नाही, कारण काय घडले म्हणजे ते चुकले असे म्हणायचे, हेच त्यात सांगितलेले नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘हा गृहस्थ नारळाच्या साहाय्याने जी जागा दाखवतो, तिथे त्याच शेतातल्या इतर जागांपेक्षा पाणी लागण्याची शक्यता जास्त असते, आणि ते त्याने सांगितलेल्या खोलीच्या आत लागते.’ आता पाणी म्हणजे किती, हेही आधीच ठरवावे. बोअर घेणारे लोक पाणी इंचात मोजतात; एक इंच, दीड इंच, दोन इंच. बोअर कोरडी गेली की ‘ओल लागली होती, थोडे खाली जायला हवे होते’ असे म्हटले जाते, आणि दोनशे फुटांचा शब्द चारशेवर जाऊन खरा झाला तरी तो खराच धरला जातो. यश कशाला म्हणायचे हे गाडी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवले नसेल, तर निकाल कोणताही लागला तरी समजूत शाबूत राहते.

समजूत ही बहुधा मोळी असते, म्हणून ती सोडून एकेक काडी वेगळी करावी. पाण्याच्या बाबतीत एका दमात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पाहा: उंबराजवळ पाणी असते, वारुळाजवळ पाणी असते, नारळ उभा राहतो तिथे पाणी असते, विशिष्ट जन्माच्या माणसालाच पाणी कळते, जितके खोल जावे तितके पाणी वाढते. या पाच गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. उंबराला पाणी लागते आणि तो ओढ्याकाठी वाढतो, त्यामुळे पहिल्या गोष्टीत तथ्य असण्यासारखे आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अध्यायच झाडे, वारुळे आणि माती यांवरून भूजल कसे ओळखावे याला वाहिलेला आहे, आणि त्यातले प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासता येण्याजोगे आहे. उलट, खोल गेले की पाणी वाढतेच, ही आजची, यंत्रयुगातली समजूत आहे आणि ती आपल्या भागात बरीच महाग पडते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांचा आहे. त्यात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरुमात, भेगा-सांध्यांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात साठते. अखंड पाषाणात कितीही खोल गेले तरी दगडाची पूडच वर येते. मोळी सोडली नाही, तर उंबराच्या खरेपणावर नारळ फुकट पुढे जातो आणि नारळाच्या खोटेपणामुळे उंबरालाही हसले जाते.

दुसरी पायरी: इतरांचे ऐकण्याआधी स्वतःचा अंदाज लिहा

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्यावर तीन रेघा. पहिलीएवढी लांब रेघ तिघींपैकी कोणती, एवढाच प्रश्न होता. खोलीतल्या सात-आठ जणांपैकी एकच खरा परीक्षार्थी होता आणि बाकीचे आधी शिकवून ठेवलेले असल्याने ठरावीक वेळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत होते. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही अशा प्रसंगी सुमारे एक-तृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीच्या उत्तराला धरून आली, आणि दर चारांपैकी सुमारे तीन माणसे निदान एकदा तरी गटाच्या मागे गेली. मला या प्रयोगातला पुढचा भाग अधिक उपयोगाचा वाटतो. खोलीत खरे उत्तर देणारा एक जरी साथीदार ठेवला, तरी वाहून जाण्याचे प्रमाण एकदम घसरून पाच टक्क्यांच्या आसपास आले. आणि उत्तर तोंडाने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिले, तेव्हाही ते बरेच कमी झाले.

यातून दोन सवयी लावून घेता येतात. शेतात पाणाड्या येण्याआधी ओढा कुठे आहे, उतार कोणीकडे आहे आणि शेजारच्या विहिरीला पाणी कुठे लागले आहे हे पाहून तुम्हाला जी जागा योग्य वाटते, ती वहीत लिहून ठेवा आणि तारीख टाका. दुसरे म्हणजे घरातल्या किंवा गावातल्या एका तरी माणसाला आधी विश्वासात घ्या. त्याने तुमच्याशी सहमत असण्याची गरज नाही, फक्त त्याने आपले मत स्वतंत्रपणे लिहावे. एकटे पडल्यावर जो मनुष्य गप्प बसतो, तोच दुसरा एक जण शंका घेणारा आहे हे कळले की बोलू लागतो, असा अनुभव ग्रामसभेतही येतो.

गर्दी नेहमी चुकते, असे मात्र समजू नये. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथल्या पशुप्रदर्शनात एका बैलाचे कापून स्वच्छ केल्यावर वजन किती भरेल, याचा अंदाज तिकिटावर लिहून द्यायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गॉल्टनने नंतर ती तिकिटे मागून घेतली. त्यांतली ७८७ वाचता येण्याजोगी होती. त्या अंदाजांतला मधला आकडा १,२०७ पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड होते, म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी. ही गर्दी बरोबर ठरली, कारण प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्रपणे लिहिला होता, त्यात खाटीक होते, शेतकरी होते, आणि शेजाऱ्याचा आकडा ऐकून कोणी आपला बदलला नव्हता. गॉल्टनला सामान्य माणसांच्या निर्णयशक्तीबद्दल फारसा आदर नव्हता आणि तरीही त्याने हा निकाल जसाच्या तसा प्रसिद्ध केला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. म्हणून ‘किती लोक मानतात’ हा प्रश्न टाकाऊ नाही; त्याच्या शेजारी ‘त्यांपैकी किती जणांनी स्वतः पाहिले’ हा प्रश्न ठेवावा लागतो.

तिसरी पायरी: सांगणारे दहा असले तरी उगम किती, ते मोजा

पाणाड्याबद्दल गावात दहा जणांना विचारा आणि प्रत्येकाला एकच पुरवणी प्रश्न करा: ‘हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत? ऐकलं असेल तर कोणाकडून?’ उत्तरे वहीत बाणांनी जोडत गेलात, तर बहुतेक बाण दोन-तीन गाजलेल्या बोअरवर येऊन थांबतात. दहा साक्षी म्हणजे एकाच साक्षीचे दहा पडसाद असू शकतात.

काही प्रसंगी हा प्रश्न तासाभराच्या आत विचारावा लागतो. २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी गणपती दूध पितो ही बातमी पहाटे दिल्लीतून निघून दूरध्वनीवरून देशभर आणि परदेशातही पोहोचली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखवले, तेव्हा चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीला चिकटून पातळ धारेने खाली ओघळते, हे कोणालाही दिसण्याजोगे झाले. तिथे फार तर दूध वाया गेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. कोणाचे मूल, कोणत्या गावाचे, कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या संदेशांत नव्हते. आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला असा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावली, तर पहिल्या वर्षाचा अभ्यास त्यातच पुरेसा होईल.

चौथी पायरी: ज्यांचे कोणी बोलत नाही ते मोजा

ही सगळ्यांत कष्टाची पायरी आहे आणि माझ्या मते बाकीच्या सर्व पायऱ्यांहून मोलाची आहे.

आमचे चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, यांच्या रानात मागच्या उन्हाळ्यापर्यंत तीन बोअर होत्या. तिसरीला दोन इंच पाणी लागले आणि त्या पाण्याची, ती जागा दाखवणाऱ्याची कथा आजही लग्नकार्यात सांगितली जाते. पहिल्या दोन बोअरही त्याच माणसाने दाखवल्या होत्या. त्यांवर आता चपटे दगड ठेवलेले आहेत, आणि त्यांच्याबद्दल विचारले तर आप्पा इतकेच म्हणतात, ‘ते आपलं नशीब नव्हतं.’ कोरड्या बोअरचे अपयश नशिबाच्या खात्यावर आणि भरलेल्या बोअरचे यश नारळाच्या खात्यावर लिहिण्याची ही पद्धत इतकी सार्वत्रिक आहे की ती लबाडी म्हणता येत नाही. कोरड्या बोअरची कथा सांगण्यासारखी नसते, एवढेच. पाणी लागले की पेढे वाटतात, आणि कोरडी गेली की माणूस दोन दिवस पारावर येत नाही.

म्हणून वहीत चार चौकटी आखाव्यात. नारळाने दाखवलेली आणि पाणी लागलेली. नारळाने दाखवलेली आणि कोरडी. नारळाशिवाय घेतलेली आणि पाणी लागलेली. नारळाशिवाय घेतलेली आणि कोरडी. गावाच्या गप्पांत यांतली पहिली चौकट तेवढी असते. उरलेल्या तीन चौकटी भरायला घरोघर जावे लागते, आणि जाताना ‘बोअर कशी लागली?’ असे न विचारता ‘तुमच्या रानात आजवर एकूण किती बोअर घेतल्या?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला कथा मिळते आणि दुसऱ्याला आकडा.

समजा, एका गावात नारळाने दाखवलेल्या ४० बोअर निघाल्या आणि त्यांतल्या २८ ना पाणी लागले होते. हे प्रमाण ७० टक्के होते आणि ते ऐकायला फार भारी वाटते. परंतु त्याच गावात घराजवळ पडते म्हणून, विजेचा खांब जवळ म्हणून, बांधाच्या कडेला सोयीचे म्हणून घेतलेल्या २० बोअर असतील आणि त्यांतल्या १४ ना पाणी लागले असेल, तर तेही प्रमाण ७० टक्केच भरते. तेव्हा त्या गावात कुठेही खोदले तरी दहापैकी सात वेळा पाणी लागते, आणि नारळाने त्यात काहीच भर घातलेली नाही. दुसरा आकडा १४ ऐवजी ८ निघाला, तर मात्र नारळाला हसून चालणार नाही. मग पुढे पाहावे लागेल. आकडे हाती येण्याआधी कोणाचीही बाजू घेऊ नये.

असा फरक निघालाच, तर लगेच नारळाला श्रेय देण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तीस वर्षे हा व्यवसाय केलेल्या माणसाला ओढ्याचा उतार कळतो, मुरमाचा रंग कळतो, शेजारच्या विहिरींची खोली पाठ असते. तो नारळ घेऊन बहुधा अशाच भागात अधिक वेळ फिरतो. तेव्हा पाणी त्याच्या नजरेने शोधले असेल आणि मान नारळाला मिळाला असेल. हे दोन वेगळे कसे करावे, ते सहाव्या पायरीत पाहू.

पाचवी पायरी: घडले ते खरे मानून दुसरे कारण शोधा

नवखा शंकेखोर सुरुवातीलाच ‘हा माणूस ढोंगी आहे’ असे म्हणून टाकतो, आणि तिथेच तपास संपतो. नारळ खरोखर उभा राहतो. तो मी जवळून पाहिला आहे. प्रश्न आहे तो कशामुळे उभा राहतो हा. नारळ तळव्यावर आडवा, जेमतेम तोल सांभाळून ठेवलेला असतो, आणि तळवा किंवा बोटे किंचित कलली तरी तो उचलला जातो. दोन फाट्यांची काडी तर ताण देऊन वाकवलेलीच धरलेली असते, त्यामुळे मनगट केसभर वळले की तिचे टोक झपकन खाली येते. ही हालचाल धरणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही. अपेक्षेमुळे नकळत होणाऱ्या अशा स्नायूंच्या हालचालींचे वर्णन विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये केले. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेने, भुते टेबल फिरवतात असे मानणाऱ्या प्रामाणिक लोकांच्या हातांखाली सरकत्या पट्ट्या आणि दर्शक काटा बसवला, तेव्हा आधी हात सरकतात आणि मग टेबल, हे उघड झाले. काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला की टेबल फिरेनासे झाले. त्या बैठकीतले कोणीही फसवत नव्हते.

हे पटले म्हणजे पाणाड्याशी बोलण्याचा सूर आपोआप बदलतो, आणि तो बदलल्याशिवाय पुढची पायरी चढताच येत नाही, कारण तिला त्याचे सहकार्य लागते.

सहावी पायरी: कोणालाच उत्तर ठाऊक नसेल अशी कसोटी लावा

१९९० मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे तिथल्या एका विज्ञानवादी संघटनेने तीस पाणाड्यांची चाचणी घेतली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर नळ पुरला होता आणि त्यातले पाणी चालू-बंद करता येत होते. या क्षणी पाणी वाहते आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. चाचणीपूर्वी सर्वांनी पद्धत रास्त असल्याचे आणि आपण यशस्वी होऊ असे वाटत असल्याचे लिहून दिले होते. निकाल नाणे उडवून मिळेल तसाच आला. त्याआधी, १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका धान्याच्या कोठारात याहून मोठा प्रयोग झाला होता. सुमारे ५०० इच्छुकांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या झाल्या. खालच्या मजल्यावर नळ सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून तो कुठे आहे ते ओळखायचे. बहुतेक जण अपयशी ठरले, तरीही मूठभरांकडे खरी क्षमता दिसते, असा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला. जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ते मूठभर लोकही एका फेरीत जमले तर दुसऱ्या फेरीत चुकत होते, असे दिसून आले. ४३ जणांनी डोळे मिटून बाण मारले तरी दोघा-तिघांचे बाण मधोमध लागणारच. निकाल पाहून मग त्यांना धनुर्धर ठरवणे ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. म्युनिकची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ‘वैज्ञानिकांनी सिद्ध केले आहे’ या शब्दांनीही गर्दी जमते.

आपल्याला नळ पुरायचे कारण नाही. एकाच शेतात दोन पाणाड्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा आणि पहिल्याच्या जागेवर फुली न मारता बांधापासून टेपने अंतर मोजून ते वहीत लिहा. दुसऱ्याला पहिल्याचे निशाण दिसता कामा नये, आणि जो माणूस त्याच्याबरोबर फिरणार आहे त्यालाही ते ठाऊक असता कामा नये, कारण बरोबरच्या माणसाची चाल त्या जागी मंदावली तरी अनुभवी माणसाला ते कळते. दोघांच्या जागा जुळतात का, ते पाहा. आणखी सोपी चाचणी एकाच माणसावर होते: त्याची तयारी असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधून, निराळ्या दिशेने त्याला पुन्हा त्याच रानातून न्यावे. खाली पाणी आहे म्हणून नारळ उभा राहत असेल, तर डोळे मिटल्याने पाणी कुठे जात नाही. नजर आणि नारळ वेगळे करण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

एक-दोन वेळा जुळले तर हुरळून जाऊ नये. होय किंवा नाही असे उत्तर असलेल्या दहा फेऱ्या घेतल्या, तर निव्वळ अंदाजाने आठ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ५६, म्हणजे साधारण साडेपाच टक्के असते. गावात वीस जणांनी हा खेळ खेळला, तर त्यांतला एखादा तरी बहुधा दहापैकी आठ बरोबर उत्तरे देऊन जाईल आणि संध्याकाळपर्यंत त्याचे नाव होईल. किती फेऱ्या घ्यायच्या आणि किती बरोबर आल्या म्हणजे मान्य करायचे, हे आधी ठरवून दोघांनी सही करावी.

सातवी पायरी: ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्यालाही तीच मोजपट्टी लावा

पाणाड्याला सोडून लोक भूजल सर्वेक्षणाकडे वळतात, आणि वळावे असे माझेही मत आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत; खासगी सर्वेक्षकही मिळतात. त्यांची नेहमीची पद्धत म्हणजे जमिनीत चार खुंट्या रोवून, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडून आतल्या दोन खुंट्यांमध्ये विजेचा दाब मोजणे. ओला, भेगाळलेला खडक विजेला कमी अडवतो आणि कोरडा पाषाण जास्त अडवतो. परंतु चिकणमातीसुद्धा कमीच अडवते, त्यामुळे यंत्राने ‘इथे ओल आहे’ म्हटले तरी तिथे न झिरपणारी माती निघू शकते. म्हणून सर्वेक्षकालाही विचारावे: या तालुक्यात तुम्ही आजवर किती जागा दाखवल्या, त्यांतल्या किती कोरड्या गेल्या? जो आपल्या कोरड्या बोअरचा आकडा सांगतो, त्याचे काम अधिक विश्वासाचे. यंत्राला दिवे आहेत आणि चालवणारा इंग्रजीत बोलतो म्हणून ही चौकशी टाळली, तर आपण नारळ बदलला, सवय बदललेली नाही.

याच पायरीवर स्वतःकडेही पाहावे. काही महिने शंका घेण्याचा सराव झाला की सगळे म्हणतात त्याच्या उलट बोलण्याची चटक लागते आणि तिलाच स्वतंत्र विचार समजले जाते. जो नेहमी गर्दीच्या विरुद्ध दिशेला जातो, त्याचीही दिशा गर्दीच ठरवते. लसी, उकळलेले पाणी आणि विजेची अर्थिंग यांच्या बाबतीत बहुसंख्य लोक बरोबर आहेत, आणि ते बरोबर आहेत हेही याच पायऱ्यांनी कळते. दर सहा महिन्यांनी वहीत एक समजूत अशी घ्यावी, जी खोटी ठरली तर तुमचे स्वतःचे नुकसान होईल.

आठवी पायरी: घरात कसे बोलावे

गाडी दारात उभी असताना, पूजा चालू असताना आणि आत्याने फुलीवर हळदकुंकू वाहिलेले असताना प्रश्न काढू नये. त्या क्षणी तुम्ही नारळाला नाही, घरच्या मोठ्या माणसांना चारचौघांत खोटे पाडत असता. पावसाळ्यात, कोणाला बोअर घ्यायची नसताना, प्रश्न काढावा. मी आप्पांना नारळ खोटा आहे असे कधीच म्हटले नाही. म्हटले असते तर ते उठून गेले असते. मी विचारले, ‘आप्पा, पहिल्या दोन बोअर किती फूट गेल्या होत्या?’ त्यांना दोन्ही आकडे पाठ होते. मग तिसरीची खोली, मग शेजारच्यांच्या बोअर. तासाभरात वहीचे एक पान भरले. शेवटी ते स्वतःच म्हणाले, ‘आरं, कोरड्याच जास्त निघाल्या की.’ माणसाने स्वतः मोजलेला आकडा त्याला अपमान वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी चौथी बोअर घेतली. जागा ओढ्याचा उतार आणि शेजारच्या दोन विहिरी पाहून, सर्वेक्षण करून ठरवली, किती खोल जायचे आणि कुठे थांबायचे हे आधी लिहिले, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी नेहमीप्रमाणे नारळही फोडला. तो प्रसाद म्हणून सगळ्यांनी खाल्ला. पाणी लागले की नाही, असे ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. ते मी सांगत नाही, कारण एका बोअरवरून काहीच ठरत नाही. खोली, तारीख आणि निकाल यांसह ती वहीतल्या तिसऱ्या-चौथ्या चौकटीच्या पानावर एक ओळ म्हणून नोंदवली आहे, आणि त्या पानावर अजून बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत.